फुकटाचं घमेलं

“बाई, त्या कालेजच्या पोरांनी माज्या सुनंचा रोज बुडवला बगा.”

मी दोरीवर चादर टाकत होते. आमच्या आक्कांची ही रीतच आहे. मेंदीच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या की कशी काय, बरी काय असलं काही नाही, थेट गोटाच फेकतात. समोरच्याच्या हातातली चादर मग हातातच राहते.

“कुठली पोरं? शाळेत उतरलीत ती?”

“तीच की. सात दिस ऱ्हानार हायती म्हनं. आवो, सून जातीया न्हवं समाजमंदिराच्या कामावर, गवंड्याच्या हाताखाली? काल सकाळी गेली तर ठेकेदार म्हनतो, आता आठवडाभर येऊ नगंस. पन्नास पोरं आल्यात, फुकट घमेली उचलत्यात. चारशे रुपय रोज हाय बाई तिचा. सात दिसाचं किती झालं?”

“अठ्ठावीसशे.”

“ते मला बी येतंय. तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं.”

माझा जन्म गेला जिल्हा परिषदेच्या शाळेत. शिबिराची पोरं म्हटलं की माझं मन आधी त्यांच्याच बाजूला कलतं. आमच्या गावात साताऱ्याहून एसटी यायची ती बहुतेक म्हाताऱ्यांना घेऊन. तिच्यातून एकदम पन्नास तरुण मुलं-मुली उतरली तेव्हा मलाच किती बरं वाटलं होतं. म्हणून मी वकिली सुरू केली.

“अहो आक्का, राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं ती. गांधीजींची जन्मशताब्दी झाली ना, १९६९ साली, तेव्हापासून ही योजना चालू आहे. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास समाजाचं काम करायचं आणि एक सात दिवसांचं शिबिर, दत्तक घेतलेल्या गावात.”

“दत्तक? आमाला? मला तर कुनी इचारलं न्हाय ते.”

“तसं नव्हे हो.”

“आसू द्या. त्या छातीवरच्या बिल्ल्याचं काय वो? चाक हाय त्येच्यावर. एका पोरीला मी इचारलं, ही कुटल्या गाडीचं चाक? तर म्हनली, आजी, कोनारकच्या सूर्यदेवळाचं हाय, आट आऱ्या म्हंजी आट प्रहर. आटी प्रहर सेवंला तयार. मी म्हनलं, पोरी, आमी बी आटी प्रहर राबतो, आमाला कुनी बिल्ला दिला न्हाय अजून.”

यावर काय बोलणार? चादर टाकली दोरीवर आणि मीही कुंपणाला टेकले.

मग तासभर शिबिराची सगळी उणीदुणी निघाली. पहाटेच्या प्रभातफेरीनं आक्कांची म्हैस बिचकली आणि तिनं पान्हा चोरला. एक पोरगा दुसऱ्याच दिवशी पोटदुखीचं निमित्त करून गावी पळाला. त्याचं पोट म्हणे शाळेचं स्वच्छतागृह बघून दुखायला लागलं. जेवण आळीआळीनं वाटून दिलेलं. पहिल्या दिवशी वरच्या आळीनं पाठवलेल्या आमटीत पातेल्याचा तळ दिसत होता, आणि ती कुणाच्या घरची हे आक्कांना पातेल्यावरच्या नावावरून कळलं होतं. नाव त्यांनी मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही. मला त्याच आळीतून रोज दूध आणायला जावं लागतं. आपल्या आळीची पाळी आली तेव्हा आक्कांनी पिठलं, भाकरी आणि खरडा पाठवला. एका पोरानं खरडा चटणी समजून घासभर खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायला. हे सांगताना मात्र आक्कांचा चेहरा फुलला होता.

“आणि काम? काम कसं करतात?”

इथं आक्का जरा थांबल्या. खोटं बोलायचं नाही आणि कौतुकही करायचं नाही, अशा पेचात सापडल्या की त्या पदर खोचतात. पदर खोचला.

“करत्यात की. जोत्यात मुरूम भरायचा हुता. पोरांनी रस्त्यापास्नं साखळी क्येली. ह्येच्या हातातनं त्येच्या हातात घमेलं, रिकामं मागारी. देखनं दिसत हुतं बाई. त्येंचा सर फोटू काढतोय, सरपंचबाईंचा मालक फोटूत शिरतोय. दुपारपातूर निम्म्या जोत्यात ही एवढा ढीग. आन् माजी सून रस्त्यावरनं वरडली, आरं, सगळा एकदम वतू नगा!”

“ती तिथं काय करत होती? तिला तर घरी बसवली होती ना?”

“बसतीया व्हय ती घरात! रोज न्हाय तर न्हाय, बगाय गेलती. गवंडी गेलता सिमिटाची पोती आनाया, आन् पोरांना सांगनारं कुनी न्हाय. मुरूम कसा भरायचा आस्तोय? अर्धा फूट टाकायचा, सारका करायचा, पानी मारायचं, धुम्मस करायची. दाबून बसला की मग वरचा थर. एकदम भरला तर वरनं टनक लागतोय, आत पोकळ ऱ्हातोय. पयला पाऊस लागला की बसतोय खाली, आन् वरची फरशी तडाकती. मग समाजमंदिरात लगीन लागलं तर नवरदेव एका लेवलला आन् नवरी दुसऱ्या.”

“मग?”

“मग काय! भरल्याला मुरूम पोरांनी परत उपासला. तोंडं ही एवढी झालती. एक पोरगा म्हनला, मावशी, आमी इंजिनेरिंगला हाय. ही म्हनली, मी बी सात वर्सं मुरमाला हाय. एक पोरगी तेवडी फुडं आली, सांगलीकडची हाय म्हनं, आईबाप ऊसतोडीला जात्यात. तिनं धुम्मस धरली आन् म्हनली, ताई, दावा. सून म्हनली, जोरानं आपटायची न्हाय, उचलायची आन् सोडून द्याची, वजन तिचं तिचं पडतंय. तू आपटलीस तर रातच्याला खांदं तुजंच दुकत्यात.”

विटांचंही तेच झालं म्हणे. पोरांनी कोरड्या विटा नेऊन गवंड्याच्या शेजारी रचल्या. वीट भिजवली नाही तर ती मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल नुसता वाळतो, धरत नाही. पंचवीस वर्षं शाळेत मी केशाकर्षण शिकवलं, खडू शाईत बुडवून दाखवला, पण विटेचं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं. आक्कांच्या सुनेनं पिंप भरून घेतलं, विटा त्यात टाकायला लावल्या आणि सांगितलं, बुडबुडे यायचे थांबले की काढा.

“म्हणजे दिवसभर तिनंच काम करून घेतलं की!”

“त्येच तर म्हनतीया मी! काम क्येलं, शिकावलं बी, आन् रोज? शून्य. का, तर त्यो फुकटचं काम चालू आसताना पैशाचं मानूस कशाला ठिऊ म्हनतोय.” आक्कांनी रस्त्याकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. “बाई, तुमी शिकल्याल्या. मला एक सांगा. काम पंचवीस-पंधराचं हाय न्हवं?”

पंचवीस-पंधरा म्हणजे ग्रामविकास खात्याचं २५१५ हे लेखाशीर्ष. गावातल्या रस्त्याला, गटाराला, सभामंडपाला पैसा येतो तो बऱ्याचदा याच्यातून. आमच्या गावात ज्याला सतराचा पाढा येत नाही त्यालाही हा आकडा पाठ आहे.

“हो, फलकावर तसंच लिहिलंय.”

“मग त्या कामाचं अंदाजपत्रक आसंल. त्यात दगडाचं, सिमिटाचं, सळीचं, तसं मजुरीचं बी धरल्यालं आसंल.”

“असतंच. प्रत्येक बाबीच्या दरात मजुरी धरलेली असते.”

“मग पोरांनी फुकट क्येल्याली मजुरी गेली कुटं?”

मीही रस्त्याकडं बघितलं. ठेकेदार कुणाचा कोण लागतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि मला इथंच राहायचं आहे. “हळू बोला,” एवढंच म्हटलं.

“हळूच बोलतीया. म्हनून तर कुंपनाशी आली, पारावर न्हाय गेली.”

त्या रात्री मला हा प्रश्न चांगलाच चावला. आपण श्रमदान म्हटलं की हात जोडतो. माझ्यापुरतं सांगायचं तर याचं मूळ कर्मवीरांत आहे. आमच्या जिल्ह्यात शिकलेल्या कुणाच्याही घरी भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगच्या गोष्टी असतातच. १९१९ ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, मग साताऱ्याचं बोर्डिंग. पोरांनी दगड फोडले, विहिरी खणल्या, शेती केली, आपल्याच शाळांच्या भिंती उभ्या केल्या. पण आक्कांच्या प्रश्नानंतर त्या गोष्टीतली एक बाजू मला नव्यानं दिसली. भाऊरावांनी नाव ठेवलं ‘कमवा आणि शिका’. कमवा आधी, शिका नंतर. त्या पोरांचं काम फुकट नव्हतं, त्यातून त्यांचं जेवण आणि पुस्तकं निघत होती. घमेल्याला किंमत होती आणि ती उचलणाऱ्याच्याच पदरात पडत होती.

हे मी दुसऱ्या दिवशी आक्कांना सांगायला गेले, तर त्यांनी मला बहात्तरच्या दुष्काळावर नेलं. त्या तेव्हा तेराएक वर्षांच्या. आईबरोबर खडी फोडायला जायच्या.

“सुकडी मिळायची बाई. गोड लागायची. पन सुकडीसाटनं कोन जातंय उनात! आठवड्याला पगार व्हायचा त्येच्यासाटनं जायाचो. मुकादम मोजून घ्याचा खडी, आन् आई त्येच्या फुडं उभी ऱ्हाऊन परत मोजायची.”

त्या पगारामागंही आपल्याच बाजूचा माणूस होता. वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम आणि कामाला दाम, ही त्यांची कल्पना. विसापुरात १९६५ ला प्रयोग झाला, दुष्काळात ती राज्यभर कामी आली, पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. हे मी सांगितल्यावर आक्का म्हणाल्या, “विसापूर? माज्या जावंची भयीन दिलीया तितं,” आणि पागे राहिले बाजूला, त्या बहिणीच्या सुनेचं प्रकरण सुरू झालं. ते फार लांबचं आहे, आणि ऐकण्यासारखंही.

गुरुवारी मात्र आक्का कुंपणाशी आल्या त्या हसत.

“ऐकलंसा का? पोरी बसल्या संपावर.”

“काय सांगता!”

“त्या ऊसतोडीवाल्या पोरीनं इचारलं सुनंला, ताई, तुमी अशा बांधाबांधानं काय हिंडता, कामावर या की. हिनं सांगितलं खरं काय ते. पोरगीचं तोंड पडलं. म्हनली, आमच्यामुळं तुमचा रोज गेला? रात्रीच्याला पोरींनी शाळंत बैठक घेतली. सकाळी घमेली पालथी घातली आन् बसल्या वाळूच्या ढिगावर. म्हनत्यात, ताई आन् त्येंच्यासंगं घरी बसवल्याली दुसरी मावशी हजेरीवर आल्याबिगर आमी हात लावनार न्हाय.”

“आणि त्यांचे सर?”

“सर लाल झालता पयला. मग गवंडीच बोलला. आजवर पानाचा तोबरा सुदा हालवला न्हाय त्या मानसानं. म्हनला, सायेब, पोरं चांगली हायती, पन माज्या हाताखाली शिकल्यालं मानूस पायजे, न्हायतर मी चाललो. मग सर गेला ठेकेदाराकडं. आत काय बोललं कुनाला ठावं! पन बाहीर आला तवा सरपंचबाईंचा मालक त्येच्या फोटूत न्हवता.”

निकाल असा लागला: राहिलेल्या दिवसांचा रोज दोघींना मिळणार, गेलेल्या दिवसांचा नाही. आक्कांचं म्हणणं, हे अर्धवट झालं. माझं म्हणणं, पोरींनी जे केलं ते करायला गावातल्या एकाही बाप्याची जीभ उचलली नव्हती. माझीही नाही, मी तर ‘हळू बोला’ म्हणून हात झटकले होते.

त्या दिवशी संध्याकाळच्या बौद्धिकाला मला बोलावलं होतं, म्हणून गेले. आक्काही आल्या, मागं चपलांपाशी बसल्या. सरांनी तयारी चांगली केली होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हेर्दांजवळ एस्न नावाचं गाव बेचिराख झालेलं. प्येर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर काही स्वयंसेवक घेऊन तिथं गेला आणि लोकांना डोक्यावर छप्पर म्हणून झोपड्या उभारायला लागला. स्वयंसेवकांत जर्मनही होते. ज्यांनी गाव पाडलं त्यांच्यातलेच कुणी बांधायला आलेले. पण एवढ्यात झालेली जखम ती. जर्मन माणूस डोळ्यांपुढं नको म्हणून काही महिन्यांतच ते काम आवरतं घ्यावं लागलं. पुढं हाच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारला आला. त्यानं काढलेल्या संस्थेची परदेशी मुलं पन्नासच्या दशकात वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात आली आणि इमारती बांधून गेली. जिथं महारोग्याच्या सावलीलाही लोक भीत होते, तिथं ही मुलं विटा वाहत होती.

“घर बांधाय आल्यालं मानूस हाकाललं?” परत येताना आक्का म्हणाल्या. “मग आपलं गाव बरं म्हनायचं. आपन नुस्ती पानचाट आमटी पाजली.”

थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, “पन त्या आनंदवनात बरोबर हुतं. तितं कुनाचा रोज बुडला नसंल. यायलाच कोन तयार न्हवतं न्हवं.”

मला वाटतं, सरांच्या तासाभराच्या भाषणातलं एवढंच खरं त्या शिबिराला लागू होतं, आणि ते चपलांपाशी बसलेल्या बाईनं काढलं. पोरं आली पाहिजेत. पण पंचायतीनं त्यांना काम द्यावं ते जिथं पैसाच नाही तिथलं: स्मशानाची वाट, शाळेचं मैदान, ओढ्यातला गाळ. ज्या कामाला सरकारनं दाम मोजलाय तिथं पोरांनी शिकायला जावं, गवंड्याच्या हाताखाली, बिगारणीच्या शेजारी. तिच्या जागी नव्हे.

शिबिराचा शेवटचा दिवस, भाषणं, हार-तुरे, मी सांगत बसत नाही. सगळीकडं असतात तशीच. समाजमंदिर आता लिंटेलपर्यंत आलंय. भजनी मंडळाला ते एकादशीला हवंय, बचत गटाला महिन्याच्या बैठकीला, आणि ज्यांच्या घरी लग्नं आहेत त्यांनी आत्ताच तारखा सांगून ठेवल्यात. स्लॅब पडलेला नाही आणि भांडणं पडायला लागलीत.

पोरं गेली, पण ती सांगलीची पोरगी जाताना एक खूळ लावून गेली. तिनं आक्कांच्या सुनेला विचारलं, तुमची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी आहे का? नाही. मग तिनं मोबाइलवर सगळं वाचून दाखवलं. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मग कल्याणकारी मंडळाकडं नोंद होते, पोरांना शिष्यवृत्ती मिळते, आणखी बरंच काही.

“भांडी मिळत्यात न्हवं, ती हीच ना योजना?” आक्कांनी मला विचारलं.

“हीच.”

“म्हंजी ज्येंनी जल्मात घमेलं उचललं न्हाय त्येंच्या घरात ती भांडी आल्यात, आन् माजी सून राहिली!” मग त्यांनी बोटांवर घरं मोजली. वरच्या आळीतलं ते पातेलं, ज्याच्यात आमटीचा तळ दिसत होता, तेही त्याच संचातलं निघालं. इतकं नेमकं ठाऊक असणारी बाई गावात दुसरी नाही.

सून हुशार. कालनिर्णयाच्या पानांवर कामाच्या प्रत्येक दिवशी पेन्सिलीनं फुली मारून ठेवलीय तिनं. काल आम्ही दोघींनी कुंपणावर कॅलेंडर पसरून फुल्या मोजल्या. आक्कांच्या मोजणीत बरोबर नव्वद भरतात, माझ्या मोजणीत दोन कमी पडतात, कारण दिवाळीच्या आठवड्यातल्या दोन फुल्या म्हणजे खरं तर गॅस सिलेंडर आल्याच्या खुणा आहेत असं मला वाटतं. म्हणजे ते बुडलेले दिवस किती महागात पडले बघा. रुपयांत मोजले तर बाराशे. नोंदणीत मोजले तर अख्खं वर्ष.

“ठेकेदार दाखला देतो का?”

“देतोय कशाचा! म्हनतोय, ग्रामसेवकाकडं जावा. ग्रामसेवक म्हनतोय, ठेकेदाराचं लिवून आना. उद्या ग्रामसेवक येनार हाय पंचायतीत. तुमी चला संगं.”

“मी कशाला आक्का? मी काय बोलणार तिथं?”

“तुमी कायबी बोलू नगा. तुमाला बगून त्यो खुर्ची द्येतो, मला न्हाय देत. तुमी खुर्चीत बसा, बोलायचं मी बगती. आन् चष्मा घ्या बरुबर. त्या फुल्या त्येच्या फुडं परत मोजाव्या लागतील, तवा ते सिलेंडरचं काय मदी काडू नगा.”